त्याच दारी पुन्हा : देणगी, दाता आणि संस्था यांचा एक अभ्यास

(बी. ए. भाग २)

महाराष्ट्रात सार्वजनिक संस्थांची परंपरा मोठी आहे. शाळा, वसतिगृहे, वाचनालये, अनाथाश्रम, कुष्ठधामे, धर्मशाळा यांपैकी कितीतरी संस्था सरकारने काढलेल्या नाहीत. एखाद्या ध्येयवेड्या माणसाने त्या काढल्या आणि लोकांनी पैशाने, धान्याने, जमिनीने त्या उभ्या केल्या. या माणसांची चरित्रे आपण शाळेपासून वाचत आलो आहोत. त्यांचा त्याग, त्यांची जिद्द, त्यांनी सोसलेली टीका यांबद्दल त्यांत भरपूर लिहिलेले असते. परंतु त्यांनी पैसा मागितला कसा, कोणाकडे मागितला, आणि ज्याने एकदा दिला त्याच्याशी ते पुढे कसे वागले, याबद्दल बहुधा एकच वाक्य असते : 'पुढे त्यांनी गावोगाव फिरून निधी जमविला.' प्रस्तुत लेखात मला या एका वाक्याच्या आत शिरावयाचे आहे.

हा विषय मी निवडला त्याला एक कारण आहे. माझ्या घरातून महाविद्यालयापर्यंत आलेली मी पहिलीच. अकरावी आणि बारावी ही दोन वर्षे मी एका वसतिगृहात राहून काढली. ते वसतिगृह देणग्यांवर चालत असे. म्हणजे कोणा अनोळखी माणसांच्या पैशाने मी दोन वर्षे जेवले आहे. तेव्हा देणगी हा माझ्या दृष्टीने केवळ अभ्यासाचा विषय नाही, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे.

सुरुवातीलाच माझे म्हणणे सांगून टाकते. पहिल्यांदा देणगी मिळविणे फारसे अवघड नसते. कोणाची तरी ओळख असते, भीड असते, उद्घाटनाचा उत्साह असतो, गावातल्या मोठ्या माणसाचा शब्द असतो. माणूस खिशात हात घालतो आणि मोकळा होतो. खरी कसोटी दुसऱ्या वर्षी लागते. त्याच दारी पुन्हा जाऊन उभे राहता येते का? दार उघडणाऱ्याच्या कपाळावर आठी न पडता 'या, बसा' असे शब्द निघतात का? ज्या संस्थेला हे साधले ती टिकली. ज्या संस्थेला दर वर्षी नवी दारे शोधावी लागली ती कधी ना कधी थकली. म्हणून निधी कसा जमवावा यापेक्षा दुसऱ्यांदा जाता येईल असे पहिल्यांदा कसे मागावे, हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो.

या दृष्टीने पहिले नाव आठवते ते आपल्याच वऱ्हाडातील गाडगेबाबांचे. अंजनगाव सुर्जी तालुक्यातील शेंडगाव येथे १८७६ साली जन्मलेले डेबूजी जाणोरकर १९०५ साली घर सोडून निघाले. त्यांना अक्षरओळख नव्हती. गावात शिरल्यावर ते आधी हातात खराटा घेत, रस्ते व गटारे साफ करीत आणि रात्री कीर्तन करीत. म्हणजे मागण्याआधी काम लोकांच्या डोळ्यांसमोर झालेले असे. पुढे पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू अशा ठिकाणी त्यांच्या प्रेरणेने धर्मशाळा उभ्या राहिल्या. त्यांसाठी लाखो रुपये लोकांनी दिले, पण बाबांच्या अंगावरची चिंधी आणि हातातले गाडगे बदलले नाही. पैसा ते स्वतःजवळ ठेवीत नसत. दात्याच्या मनात पहिली शंका येते ती हीच, की माझा पैसा हा स्वतः तर खाणार नाही? बाबांच्या बाबतीत ती शंका उभीच राहत नसे. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा तर त्यांनी १९४९ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपविली. जे उभारले त्यावरही मालकी सांगितली नाही, मग पुन्हा मागायला गेल्यावर नाही कोण म्हणणार?

अर्थात गाडगेबाबा एकच. प्रत्येक संस्थेच्या चिटणिसाला चिंध्या नेसून हिंडता येणार नाही. सामान्य माणसांनी चालविलेल्या संस्थांना काही पद्धत लागते, आणि अशा पद्धतीचे एक उत्तम उदाहरण विसाव्या शतकाच्या आरंभी आपल्याकडे घडून गेले आहे. ते म्हणजे पैसा फंड. अंताजी दामोदर काळे यांची कल्पना अगदी साधी होती. देशी उद्योग उभारण्यासाठी प्रत्येकाने वर्षाला एक पैसा द्यावा. त्या काळी रुपयाचे चौसष्ट पैसे होत. म्हणजे एक रुपया जमवायचा तर चौसष्ट माणसांपुढे उभे राहायला हवे. लोकमान्य टिळकांनी या कल्पनेला पाठिंबा दिला आणि १९०८ साली तळेगाव दाभाडे येथे पैसा फंडाचा काच कारखाना सुरू झाला.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला हा व्यवहार आतबट्ट्याचा वाटेल. एक पैसा आणायला स्वयंसेवकाने जितकी पायपीट करायची तिची मजुरीच पैशाहून अधिक. माझ्या मते या हिशोबात एक गोष्ट सुटते. वर्षाला एक पैसा म्हणजे पुढच्या वर्षी पुन्हा येणे हे त्यातच ठरलेले आहे. शिवाय एक पैसा देणाराही कारखान्याबद्दल 'आमचा कारखाना' असे म्हणू शकतो. हजार रुपये देणाऱ्या एका सावकारापेक्षा एक पैसा देणारी चौसष्ट हजार माणसे ज्या संस्थेच्या मागे आहेत, तिच्याविषयी चौसष्ट हजार घरांत बोलले जाते. ज्याला सहज देता येईल इतकेच मागितले तर देणाऱ्याला दुसऱ्यांदा तोंड चुकवावे लागत नाही, हेही एक आहेच.

आता महर्षी कर्व्यांकडे येऊ. माझ्या मते निधिसंकलनाच्या बाबतीत त्यांच्याइतका चिकाटीचा माणूस महाराष्ट्रात झाला नाही. १८९६ साली त्यांनी अनाथ बालिकाश्रमाची स्थापना केली. विधवांना शिकविण्याचे काम, तेही स्वतः विधवेशी विवाह केलेल्या माणसाने मागणी करावयाची, म्हणजे पुण्यातील किती दारे आधीच बंद असतील याची कल्पना करावी. फर्ग्युसन महाविद्यालयात ते गणित शिकवीत. सुट्ट्या लागल्या की वर्गणीसाठी गावोगाव हिंडत. १९०० साली आश्रम हिंगण्यास गेला तो दान मिळालेल्या जागेवर, एका झोपडीत. तेथून महाविद्यालयात जाणे-येणे ते पायीच करीत.

त्यांच्या स्वभावाविषयी जे वाचले त्यावरून असे दिसते की त्यांच्या मागण्यात वक्तृत्व नव्हते. ते हळू बोलत, थोडे बोलत. नकार मिळाला तर रागावत नसत आणि दार कायमचे बंद झाले असेही मानत नसत. संस्थेचे अहवाल आणि हिशोब ते नियमाने लोकांपुढे ठेवीत. गणिताच्या प्राध्यापकाचा हा गुण येथे उपयोगी पडला असे म्हटल्यास वावगे ठरणार नाही. १९२९ साली, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, ते महिला विद्यापीठाच्या प्रचारासाठी परदेशी निघाले. युरोप, अमेरिका, जपान झाले आणि पुढे आफ्रिकेतही गेले. परत आल्यावर १९३६ साली त्यांनी खेड्यांतील प्राथमिक शिक्षणासाठी नवे मंडळ काढले आणि पुन्हा वर्गणी मागू लागले. वय वर्षे अठ्ठ्याहत्तर. तोपर्यंत त्यांना मागू लागून चाळीस वर्षे झाली होती. एकदा जरी हिशोबात घोळ झाला असता तरी या वयात त्यांना कोणी उभे केले असते का?

कर्व्यांच्या संस्थेतील मोठ्या देणगीची हकीकतही पाहण्यासारखी आहे. महिला विद्यापीठाची कल्पना त्यांना जपानमधील महिला विद्यापीठाच्या एका माहितीपत्रकावरून सुचली आणि १९१६ साली ते पुण्यास सुरू झाले. मुंबईचे उद्योगपती सर विठ्ठलदास ठाकरसी जगप्रवासात जपानला गेले असता त्यांनी ते मूळ विद्यापीठ स्वतः पाहिले. १९२० साली त्यांनी कर्व्यांच्या विद्यापीठाला पंधरा लाख रुपयांची देणगी दिली. त्या काळचे पंधरा लाख! विद्यापीठाला त्यांच्या मातोश्रींचे नाव देण्यात आले, ते श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठ. आज आपण त्याला एस.एन.डी.टी. म्हणतो. या देणगीमागे नुसती श्रीमंती नव्हती, काम समजून घेतलेले होते. देणाऱ्याला काम कळले पाहिजे, हे त्यावरून दिसते. पण दुसरीही बाजू आहे. एवढी मोठी देणगी आली की तिच्याबरोबर नाव येते, अटी येतात, आणि संस्थेचे बळ एकाच दोरीला टांगले जाते. १९३६ साली विद्यापीठाचे मुख्य ठाणे पुण्याहून मुंबईस गेले. ते चांगले झाले की वाईट, हा निराळा प्रश्न. मला एवढेच म्हणायचे आहे की पैसा फंडाच्या एक पैसा देणाऱ्याला तळेगावचा कारखाना हलविता आला नसता.

म्हणूनच मोठ्या दात्याला नाही म्हणता येणे हाही त्याच्याशी असलेल्या नात्याचा एक भाग आहे. या बाबतीत कर्मवीर भाऊराव पाटलांची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. १९४७ साली साताऱ्यास छत्रपती शिवाजी महाविद्यालय सुरू झाले. आपले नाव दिल्यास मोठी रक्कम देतो असे एका धनिकाने सांगितले, तेव्हा भाऊरावांनी, एक वेळ बापाचे नाव बदलीन पण महाविद्यालयाचे नाव बदलणार नाही, अशा अर्थाचे उत्तर दिले असे सांगतात. ही गोष्ट आपण स्वाभिमानाची म्हणून ऐकतो. मला तिच्यात व्यवहारही दिसतो. भाऊरावांना असे उत्तर देता आले, कारण त्यांच्या मागे खेडोपाडीच्या रयतेची मूठ होती. १९१९ साली कऱ्हाड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन झाली, १९२४ साली साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांचे वसतिगृह सुरू झाले. घरोघरी दळण-कांडणाच्या वेळी मूठभर धान्य बाजूला काढून ठेवायचे आणि ते वसतिगृहाला द्यायचे, ही मुष्टिफंडाची रीत. धान्य संपले तेव्हा लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र मोडले. जिथे संस्थाचालकाच्या घरातील सोने आधी गेले आहे तिथे शेतकऱ्याची बायको मूठभर ज्वारीला नाही म्हणत नाही.

सरकारचे दार मात्र निराळे. १९४८ साली मुंबई प्रांताच्या खेर मंत्रिमंडळाने रयतचे अनुदान थांबविले होते. पुढे ते सुरू झाले, आणि त्यासाठी रदबदली करणाऱ्यांत गाडगेबाबा होते. ज्यांनी स्वतःसाठी कधी काही मागितले नाही त्यांनी दुसऱ्याच्या संस्थेसाठी मागितले. त्यांची आठवण म्हणून रयतने १९५४ साली कऱ्हाडला काढलेल्या महाविद्यालयाला सद्गुरू गाडगे महाराजांचे नाव दिले. येथे नाव पैशाच्या बदल्यात दिलेले नव्हते.

आता पुस्तकांतून उठून आपल्या तालुक्यात येऊ. आमचे गाव नेरहून एस.टी.ने पाऊण तासावर आहे. तेथे पोलीस भरतीचा आणि स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणारी पंधरा-वीस मुले-मुली आहेत, आणि बसायला जागा नाही. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरानंतर आम्ही सात जणांनी तेथे अभ्यासिका काढण्याचे ठरविले. ग्रामपंचायतीने जुनी खोली दिली. टेबले, दिवे आणि पुस्तके लोकवर्गणीतून करायची होती. वर्गणी केव्हा मागावी याबद्दल माझ्या बाबांनी आधीच सांगून ठेवले होते, की पेरणी झाल्यापासून पोळ्यापर्यंत शेतकऱ्याच्या दारी जाऊ नये. बियाणे-खताची उधारी डोक्यावर असते, तेव्हा मागणारा माणूस वैरी वाटतो. सोयाबीन विकले की मग जावे. त्याप्रमाणे आम्ही दिवाळीच्या सुमारास निघालो.

पहिलेच दार एका किराणा दुकानदाराचे. ते म्हणाले, "देतो वं माय, नाही कोन म्हनते? पन मांगं एक डाव वाचनालयासाठी देल्ले व्हते. त्याचं काय झालं थे कोनं सांगतलं काय?"

आम्हाला हे ठाऊकच नव्हते. चौकशी केल्यावर कळले की दहा-बारा वर्षांपूर्वी तेव्हाच्या तरुणांनी वाचनालयासाठी वर्गणी केली होती. त्यांतले काही पुण्याला कामाला गेले, काहींची लग्ने झाली, आणि वाचनालय राहून गेले. पैसे कोणी खाल्ले नव्हते. एका निवृत्त गुरुजींच्या घरी त्या वर्गणीतून घेतलेली एकोणीस पुस्तके आणि एक वही मिळाली. वहीत सगळा हिशोब होता, फक्त तो कोणी वाचून दाखविला नव्हता. आम्ही त्या वहीची नक्कल मोठ्या अक्षरांत करून मारुतीच्या पाराजवळच्या फळ्यावर लावली, खाली 'ही एकोणीस पुस्तके नव्या अभ्यासिकेत ठेवली आहेत' असे लिहिले, आणि चार दिवसांनी पुन्हा फिरलो. दुकानदारांनी पाचशे एक दिले. चौतीस घरांनी दिले.

विशेष म्हणजे हिशोबाची ही रीत आमच्या गावाला नवी नाही. दर वर्षी सप्ताह होतो. पावतीपुस्तक घेऊन मंडळी फिरतात, कोणी अकरा रुपये देतो, कोणी पायलीभर गहू देतो. काल्याच्या दिवशी महाप्रसादाआधी भोंग्यावरून प्रत्येकाचे नाव आणि रक्कम वाचली जाते. जमा किती, मंडपाला किती, आचाऱ्याला किती, शिल्लक किती. शिल्लक कोणाकडे ठेवली तेही. म्हणून सप्ताहाची वर्गणी पिढ्यान् पिढ्या सुरू आहे. लोक देवाला देतात, अभ्यासाला देत नाहीत, अशी तक्रार आपण शिकलेली मंडळी करतो. मला वाटते लोक ज्याचा हिशोब ऐकू येतो त्याला देतात.

एका म्हाताऱ्या आजीने दोन पायल्या तूर दिली होती. ती विकून आलेल्या पैशात पुस्तके घेतली. महिन्याभराने त्या काठी टेकीत अभ्यासिकेत आल्या आणि विचारू लागल्या, "माह्या तुरीचं पुस्तक कोनतं?" त्यांना वाचता येत नाही. आम्ही महाराष्ट्राचा नकाशासंग्रह त्यांच्या हाती दिला. त्यांनी पाने उलटली, यवतमाळ कुठे आहे ते विचारले, बोट ठेवून पाहिले. त्यानंतर त्यांच्या गल्लीतल्या सहा घरांतून वर्गणी आली. आम्ही मागायला गेलो नव्हतो.

या ठिकाणी एका तिसऱ्या पक्षाचा विचार केला पाहिजे. दाता आणि संस्था यांच्याविषयी सगळे बोलतात, ज्याच्यासाठी पैसा येतो तो मात्र बाजूला उभा असतो. दात्याशी नाते जपायचे म्हणून त्याला काम दाखवावे हे योग्यच. पण काम दाखविणे म्हणजे माणूस दाखविणे नव्हे. मी ज्या वसतिगृहात होते तेथे हिवाळ्यात पाहुणे येत. आम्हाला रांगेत उभे करीत. प्रत्येकीच्या हातात ब्लँकेट देत आणि फोटो होईपर्यंत ते सोडू देत नसत. एकदा एका पाहुण्या बाईंनी माझ्या मैत्रिणीला विचारले, "वडील काय करतात?" तिच्या वडिलांनी दोन वर्षांपूर्वी आत्महत्या केली होती. तिने उत्तर दिले नाही, म्हणून नंतर तिलाच बोलणी बसली. ब्लँकेट चांगले होते, उबदार होते. तिने ते त्या थंडीत पांघरले नाही.

आपल्या यवतमाळ जिल्ह्याला हे नवीन नाही. २००६ साली केंद्र सरकारने विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी पॅकेज जाहीर केले त्यात आपला जिल्हा होता. तेव्हापासून आणि त्याआधीपासूनही कितीतरी मदत देणारे आपल्या खेड्यांत आले. काही मनापासून आले, त्यांचे उपकार आहेतच. परंतु धनादेश देताना विधवेचा चेहरा कॅमेऱ्याकडे वळविणाऱ्यांना मला एक विचारावेसे वाटते. दात्याच्या दारी तुम्ही पुन्हा जाल. या बाईच्या दारी पुन्हा जाणार आहात का? तिच्या पोराची बारावी झाली की नाही हे विचारायला?

याच्या उलट उदाहरण शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात आहे. बाबा आमटे यांनी १९४९ साली वरोऱ्यास महारोगी सेवा समिती स्थापन केली आणि १९५१ साली आनंदवन सुरू झाले. जवळ १४ रुपये, सहा कुष्ठरोगी आणि एक लंगडी गाय होती, असे आनंदवनाच्या इतिहासात सांगतात. कुष्ठरोग्याला भीक देण्याची आपल्या समाजाला सवयच होती. बाबांना दया नको होती, काम हवे होते. रोग्यांनी विहीर खणली, शेती केली, भाजी पिकविली. सुरुवातीला वरोऱ्याचे लोक ती भाजी घ्यायला कचरत, पुढे घेऊ लागले. जो कालपर्यंत दाता होता तो गिऱ्हाईक झाला. भाजीवालीच्या दारी आपण पुन्हा पुन्हा जातो, त्यात कोणाचीच मान खाली जात नाही. सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल या संघटनेचे परदेशी स्वयंसेवक १९५०च्या दशकात येथे राहिले आणि रोग्यांच्या बरोबरीने त्यांनी बांधकाम केले. ज्याच्याकडे पैसा नाही पण हात आहेत त्यालाही दाता होता येते, हे त्यावरून ध्यानात येते. आनंदवनाने देणग्या घेतल्या नाहीत असे नाही, पुष्कळ घेतल्या. परंतु देणारा आला की त्याला तेथे रडणारी माणसे दिसत नसत, हातमागावर बसलेली माणसे दिसत.

दात्यानेही स्वतःहून शोधत जावे, असे एक उदाहरण साहित्याच्या विद्यार्थ्यांसाठी मुद्दाम देते. अनिल अवचटांनी गर्दच्या व्यसनात सापडलेल्या तरुणांवर लेख लिहिले. ते वाचून पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई यांनी एक लाख रुपये देऊ केले आणि त्यातून १९८६ साली पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू झाले. तेथे कोणी पावतीपुस्तक घेऊन गेले नव्हते. लिहिलेले खरे होते, ते पोहोचले.

आजच्या काळात देणगीचे मार्ग बदलले आहेत. दुकानाच्या काउंटरवर चिकटविलेला चौकोनी संकेत मोबाईलने टिपला की पैसे जातात. देणाऱ्याला घेणाऱ्याचे नाव माहीत नसते, घेणाऱ्याला देणाऱ्याचे. सोय मोठी आहे, आमच्या अभ्यासिकेलाही पुण्याला कामाला असलेल्या गावच्या मुलांनी असेच पैसे पाठविले. पण पैसा आला की 'मिळाले' एवढे तरी कोणी लिहावे, ते यंत्राच्या आपोआप आलेल्या निरोपाने भागत नाही. मोठ्या कंपन्यांवर तर कायद्यानेच जबाबदारी आली आहे. २०१३च्या कंपनी कायद्यान्वये, १ एप्रिल २०१४ पासून, ठरावीक मर्यादेवरील कंपन्यांनी आपल्या मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम समाजकार्यावर खर्चावी लागते. हा पैसा प्रचंड आहे. तो मिळविण्यासाठी इंग्रजीत प्रस्ताव आणि इंग्रजीत अहवाल लागतो. नेरसारख्या तालुक्यातील लहान संस्थेला ते सहज जमत नाही, आणि जमले तरी प्रकल्पाची मुदत संपली की कंपनीचा अधिकारी बदललेला असतो. पुन्हा जायचे तर कोणाच्या दारी?

कायद्याचा हिशोब आणि लोकांचा हिशोब यांतही फरक आहे. सार्वजनिक न्यासाला दर वर्षी हिशोब तपासून घ्यावे लागतात, धर्मादाय कार्यालयाला द्यावे लागतात. प्राप्तिकराची सूट हवी असेल तर संस्थेला तशी मान्यता लागते, आणि रोखीने दोन हजारांहून अधिक दिले तर ती सूट मिळत नाही. हे सर्व आवश्यकच आहे. परंतु तो हिशोब कचेरीत जातो. आमच्या आजीला तिच्या तुरीचे पुस्तक कचेरीतून कळणार नव्हते.

शेवटी आपल्या महाविद्यालयाविषयी एक सूचना प्राध्यापकवर्गापुढे आणि विद्यार्थिबंधुभगिनींपुढे ठेवते. आपल्याकडे गरजू विद्यार्थ्यांसाठी साहाय्यनिधी आहे. कोणाची परीक्षा फी, कोणाचा एस.टी. पास त्यातून भागतो. त्यात भर घालणारे काही व्यापारी आहेत, काही माजी विद्यार्थी आहेत, आणि ग्रंथालयाच्या भिंतीवरील संगमरवरी फरशीवर पूर्वीच्या देणगीदारांची नावे कोरलेली आहेत. दर वर्षी जानेवारीत या सर्वांना एक पत्र जावे. छापील नको. मराठी विभागाच्या विद्यार्थ्यांनी ते हाताने लिहावे. त्यात पैसे मागू नयेत. वर्षात किती जमा झाले, किती जणांची फी भरली, किती पास काढले, किती शिल्लक राहिले, एवढेच असावे. मदत घेणाऱ्या विद्यार्थ्याचे नाव नसावे, फोटो तर नसावाच. ज्यांची नावे फरशीवर आहेत आणि जे आता हयात नाहीत, त्यांच्या मुलांना किंवा नातवंडांना पत्र जावे.

पत्त्यांची यादी करण्याचे काम मी घेण्यास तयार आहे. फरशीवरील नावे मी उतरवून घेतली आहेत. बाजारपेठेत दोन दिवस चौकशी केली, त्यांपैकी अकरा कुटुंबे अजून नेरमध्येच राहतात.